गाडीत कायमस्वरूपी एअर कॉम्प्रेसर आणि टाकी: काय घ्यावं, कसं जोडावं, कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा: ऑफ-रोडिंगच्या ४×४ गाडीत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि साधारण १० लिटरची टाकी कायमची बसवायची आहे. मुख्य काम चारही टायरमध्ये हवा भरण्याचं. जमलं तर एअर लॉकरही (एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं हवेच्या दाबाने एकत्र जखडणारा डिफरेन्शियल लॉक) त्याच हवेवर चालवायचा आणि एअर गनने फिल्टर-रेडिएटर झटकायचे. कॉम्प्रेसर कुठला घ्यावा, बसवावा कुठे, वायरिंग कसं करावं, आणि १० लिटर पुरतील का?

आधी १० लिटरचं बघू, कारण हिशोब बहुतेकांचा तिथेच चुकतो.

२६५/७५ आर१६ मापाच्या टायरमध्ये सुमारे ६५ लिटर जागा असते. वाळूसाठी १८ पीएसआयवर (दर चौरस इंचावरचा पाउंडांतला दाब) उतरवलेला असा टायर रस्त्यासाठी ३५ वर न्यायचा, तर वातावरणाच्या दाबाची साधारण ७५ लिटर हवा आत ढकलावी लागते. चार टायरचे झाले ३०० लिटर. आता टाकी. १० लिटरची टाकी १५० पीएसआयपर्यंत भरली आणि ३५ पर्यंत उतरू दिली, तर ११५ गुणिले १० भागिले १४.७ (वातावरणाचा दाब, पीएसआयमध्ये), म्हणजे जेमतेम ७८ लिटर हवा मिळते. एका टायरपुरती, तीही कागदावर. टाकीचा आणि टायरचा दाब जवळ आला की प्रवाह मंदावतो आणि शेवटचे चार-पाच पीएसआय रेंगाळत चढतात. ४ लिटरच्या टाकीने तर एक टायर फक्त ७ पीएसआयने वर जाईल.

म्हणून टायर भरण्याचं खरं काम कॉम्प्रेसरच करतो. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. जागा आणि पैसा मोजका असेल तर आधी कॉम्प्रेसर मोठा घ्या, टाकी लहान चालेल. ३० पीएसआयच्या आसपास मिनिटाला ६० लिटर देणारा कॉम्प्रेसर वरचा टायर सव्वा मिनिटात भरतो. २८ लिटर देणाऱ्याला पावणेतीन मिनिटं लागतात, म्हणजे चार टायरना जवळपास ११ मिनिटं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा शून्य दाबावरचा असतो. तुमच्या कामाचा आकडा ३० पीएसआयचा. तो माहितीपत्रकातल्या तक्त्यात असतो, तोच बघा.

दुसरा बघायचा आकडा ड्युटी सायकलचा, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ कॉम्प्रेसर चालवता येतो त्याचा. १०० पीएसआयवर ३३ टक्के म्हणजे १० मिनिटं चालवल्यावर २० मिनिटं विश्रांती. टायरच्या ३०-३५ पीएसआयवर मोटरवर ताण कमी असतो, त्यामुळे तिथे तो जास्त वेळ टिकतो. पण टाकी १५० पर्यंत भरताना शेवटचा टप्पा सगळ्यात तापदायक असतो. टाकी लावणार असाल तर १०० टक्के ड्युटी सायकलचा, किंवा निदान १५० पीएसआय कायमस्वरूपी झेपेल असं निर्मात्याने लिहून दिलेला कॉम्प्रेसर घ्या. फक्त टायर भरण्यासाठी बनवलेले काही कॉम्प्रेसर भरलेल्या टाकीच्या दाबाविरुद्ध पुन्हा सुरूच होत नाहीत. मोटर गुणगुणते, जागेवर अडते आणि फ्यूज उडतो.

मग टाकी हवी कशाला? एक म्हणजे तिच्याशिवाय प्रेशर स्विच (दाब बघून मोटर आपोआप चालू-बंद करणारा) नीट चालत नाही. पाइपातली हवा इतकी थोडी असते की हवा भरायचा नोझल काढ-घाल केला तरी मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होते, आणि प्रत्येक चालू होण्याला रिलेवर (छोट्या करंटने मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) आणि मोटरच्या ब्रशवर मोठ्या करंटचा मार बसतो. शिवाय लॉकरला तयार दाब मिळतो, एअर गनला क्षणभराचा जोर मिळतो. आणि रिमवरून निसटलेला टायर बसवायला लागतो तो हवेचा लोंढा. तो कॉम्प्रेसर एकटा कधीच देऊ शकत नाही.

टायर बसवताना टायरच्या व्हॉल्व्हमधली सुई काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, आणि टाकीची हवा बॉल व्हॉल्व्ह उघडून एकदम सोडा. या वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवा. १५० पीएसआयची १० लिटर हवा ६५ लिटरच्या रिकाम्या टायरमध्ये पूर्ण पसरली तरी दाब २० पीएसआयच्या आसपासच थांबतो, म्हणजे टाकी एकटी टायरला धोक्यात नेऊ शकत नाही. कॉम्प्रेसर मागून ढकलत राहिला तर नेऊ शकते. कड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा काढा, पुन्हा साबण लावा, टायर हलवून घ्या आणि मगच परत प्रयत्न करा. चेहरा आणि हात टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर नकोत.

दाबाचे आकडे एकमेकांशी जुळवून घ्यायचे असतात, आणि त्यात चढता क्रम मोडता कामा नये. प्रेशर स्विच १२० ला चालू, १५० ला बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह १७५ ला उघडणारा. टाकी किमान २०० पीएसआय कामाच्या दाबाची. कॉम्प्रेसर ११० पर्यंतचाच असेल तर ९०–१२० चा स्विच लावू नका, ७०–१०० चा लावा. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीवरच, थेट, मध्ये कुठलाही बंद होऊ शकणारा व्हॉल्व्ह न ठेवता. प्रेशर स्विचचे कॉन्टॅक्ट किंवा रिले चिकटून बसणं हा अगदी नेहमीचा बिघाड आहे, आणि त्या दिवशी टाकी आणि तुम्ही यांच्यामध्ये एवढी एकच गोष्ट उभी असते.

टाकी हवेसाठीच बनवलेली आणि तपासणी केलेली हवी, कामाचा दाब तिच्यावर कोरलेला हवा. जुना अग्निशामक, गॅसचं नळकांडं, पीव्हीसी पाइप हे पर्याय मनातूनही काढून टाका. बंपर किंवा रोल केजच्या पोकळ नळ्यांनाच टाकी बनवण्याची युक्ती अधूनमधून कुणीतरी सुचवतं. ती वाईट आहे: वेल्डिंग दाबासाठी केलेलं नसतं, नळी आतून गंजते ते दिसत नाही, आणि तोच भाग धडक खाण्यासाठी असतो. तयार टाकीलाही नवीन ब्रॅकेट किंवा पोर्ट वेल्ड करू नका, पट्ट्याने बांधा.

आता जोडणीचा क्रम. कॉम्प्रेसर, त्याच्यासोबत आलेला स्टीलच्या जाळीचा होज, त्या होजच्या टाकीकडच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), मग टाकी. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच, गेज आणि सगळ्यात खालच्या पोर्टला पाणी काढायचा ड्रेन कॉक. टाकीतून दोन फांद्या निघतात. एक बॉल व्हॉल्व्ह, वॉटर सेपरेटर आणि रेग्युलेटरमधून (दाब ठरावीक आकड्यावर आणणारा) कपलरकडे, म्हणजे हवेचा होज खटकन जोडायच्या तोंडाकडे. दुसरी लॉकरच्या सोलेनॉइडकडे (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), स्वतंत्र. टायरच्या फांदीचा व्हॉल्व्ह बंद असतानाही लॉकरला हवा मिळाली पाहिजे. लॉकरचा निर्माता १०५ पीएसआयची मर्यादा सांगत असेल आणि तुमची टाकी १५० ची असेल, तर त्या फांदीला वेगळा रेग्युलेटर हवा, नाहीतर आतली सील जातात.

या क्रमात दोन जागा नेहमी चुकतात. पहिली, जाळीचा होज. दाबलेली हवा कॉम्प्रेसरच्या हेडमधून १०० अंश सेल्सिअसच्या बरीच वर तापून निघते. होज ‘अडचणीचा’ म्हणून काढून त्या जागी नायलॉन किंवा पीयू पाइप लावला, तर पहिल्या दीर्घ वापरातच तो मऊ होऊन फिटिंगमधून सुटतो. होज कमी पडत असेल तर टेफ्लॉनच्या अस्तराचा, स्टीलच्या जाळीचा लांब होज बनवून घ्या. प्लास्टिकचा पाइप टाकीच्या पुढेच. दुसरी जागा प्रेशर स्विचची. तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या अलीकडे, कॉम्प्रेसरच्या बाजूला बसला तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का त्याला लागतो आणि तो फडफडतो. शिवाय मोटर बंद होताच हेडमधला दाब उतरतो आणि स्विच लगेच पुन्हा चालू करतो. स्विच टाकीवरच.

वॉटर सेपरेटर टाकीच्या आधी लावण्याचाही मोह होतो. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात निसटून पुढे जातं आणि टाकीत थंड झाल्यावर साचतं. तो टाकीनंतरच उपयोगी. आणि सेपरेटर असला तरी ड्रेन कॉक उघडायचाच, प्रत्येक सहलीनंतर, टाकीत थोडा दाब असताना. तळाशी पाणी राहिलं की टाकी आतून गंजते आणि तो गंज सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतो.

कॉम्प्रेसर बॅटरीच्या जवळ ठेवा. हवा ५ मीटर लांब नेणं सोपं असतं. ३० अँपियर करंट ५ मीटर नेणं महाग आणि तापदायक. बॉनेटखाली जागा असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून दूर, पाण्यात उतरताना भिजणार नाही इतक्या उंचीवर, आणि हवेचा झोत लागेल असा. बॉनेटखाली जागाच नसेल तर सीटखाली किंवा सामानाच्या जागेत चालतो, पण चहूबाजूंनी बंद पेटीत नको. हवा घ्यायचा फिल्टर मात्र कॉम्प्रेसरजवळच असला पाहिजे असं नाही. लांब होजने तो धूळ आणि पाण्यापासून दूर, शक्यतो केबिनमध्ये नेता येतो. होजचा आतला व्यास इनटेकच्या पोर्टपेक्षा कमी नको. धुळीत काम करणाऱ्या गाडीत पिस्टनची रिंग झिजायचं पहिलं कारण घाणेरडा फिल्टर हेच असतं.

ब्रॅकेट किमान ३ मिमी जाडीच्या पत्र्याचं, रबरी बुशांसकट, दोन तरी भक्कम जागी धरलेलं. एकाच बाजूने लटकणाऱ्या ब्रॅकेटला खडबडीत रस्त्यावर चिरा जातात. नुसत्या बॉडीच्या पातळ पत्र्यात भोक पाडून लावायचं असेल तर मागून जाड प्लेट द्या. टाकी चासीच्या रेलच्या आतल्या बाजूला उत्तम बसते: सायलेन्सरपासून लांब, ब्रेक आणि डिझेलच्या नळ्यांना न घासता, रेलच्या खालच्या कडेपेक्षा वर, ड्रेन पोर्ट तळाशी. रेलच्या वरच्या-खालच्या पाळीत नवी भोकं पाडू नका, असलेली वापरा. एम८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, पट्ट्याखाली रबर. टाकी चासीवर आणि कॉम्प्रेसर बॉडीवर असेल तर मधल्या होजला भरपूर ढील ठेवा, कारण गाडी पिळवटते तेव्हा बॉडी आणि चासी एकमेकांपासून हलतात.

कॉम्प्रेसरच्या पोर्टवरच टी, गेज, स्विच, कपलर अशी पितळी फिटिंगची माळ लटकवू नका. ते वजन मोटरच्या कंपनात हलत राहतं आणि पहिली निपल आट्यांच्या मुळाशी मोडते. पोर्टमधून लगेच होज, बाकी सगळं टाकीवर किंवा ब्रॅकेटला पक्क्या केलेल्या ब्लॉकवर.

आट्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण गळतीच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. आट्यांच्या दोन पद्धती भेटतात: अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपी. पाव इंची एनपीटीला इंचात १८ आटे आणि ६० अंशांचा कोन. पाव इंची बीएसपीला १९ आटे आणि ५५ अंश. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात आणि दोन-तीन फेरे एकमेकांत बिनतक्रार जातात. मग अडतात. जोर लावून पिळलं तर पितळ खरवडतं आणि ती जोडणी कितीही टेप गुंडाळली तरी गळतेच. बहुतेक कॉम्प्रेसर आणि टाक्या एनपीटीच्या असतात, तर सुटी फिटिंग पुष्कळदा बीएसपीची मिळतात. थ्रेड गेज लावून प्रत्येक पोर्ट आधी ओळखा आणि सगळं सामान एकाच प्रकारचं घ्या. नळ्यांचंही तसंच: ६ मिमी आणि पाव इंची पाइप सारखे वाटतात, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पुश-फिटमध्ये (पाइप नुसता आत ढकलून बसवायची जोडणी) ६ चा पाइप पाव इंची फिटिंगला कधीच धरत नाही.

टेप लावायची तर पहिले दोन आटे उघडे ठेवा, नाहीतर तिचे तुकडे सुटून सोलेनॉइड किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बैठकीवर जातात. आट्यांसाठीचं द्रव सीलंट त्याहून चांगलं. ते कंपनातही धरून ठेवतं. ३७ अंशांच्या फ्लेअर जोडणीला मात्र काहीच लावायचं नाही. तिथे धातूवर धातू बसून हवा अडते, आटे फक्त आवळण्यासाठी असतात.

टाकीपासून कपलरपर्यंतचा पाइप आतून किमान ८ मिमी ठेवा. ६ मिमी बाहेरच्या व्यासाचा नायलॉन आतून जेमतेम ४ मिमी असतो. लॉकरला तो पुरतो, टायरला नाही. कपलर पुढे एक आणि मागे एक, धुळीचं टोपण लावून. कपलर आज ना उद्या गळतोच, म्हणून त्याच्या आधीचा बॉल व्हॉल्व्ह काम झालं की बंद.

वायरिंग. धरून चालू की कॉम्प्रेसर जास्तीत जास्त ३० अँपियर घेतो आणि बॅटरीपासून ३ मीटरवर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. २.५ चौरस मिमी वायरमध्ये १.३ व्होल्ट वाटेतच जातात, ६ मध्ये ०.५५, आणि १० मध्ये ०.३३. मोटरला कमी व्होल्ट मिळाले की ती हळू फिरते, जास्त तापते, आणि भरलेल्या टाकीविरुद्ध सुरू होताना अडते. १० चौरस मिमीच वापरा. ४० अँपियरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून वायर सुरू होते तिथेच त्याची जागा. होल्डर बोल्टने कसायचा घ्या, स्वस्त पातीचे होल्डर या करंटला वितळतात. रिले ७० अँपियरचा, कारण ४० चा नेहमीचा रिले सुरुवातीच्या झटक्याने काही महिन्यांत चिकटतो.

रिलेच्या टर्मिनलवर क्रमांक असतात: ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला मोटर. इग्निशनवर चालू होणाऱ्या, छोट्या फ्यूजच्या वायरमधून डॅशबोर्डचा दिव्याचा स्विच, तिथून प्रेशर स्विच, तिथून रिलेचं ८६, आणि ८५ ला अर्थ. मोटरचा करंट प्रेशर स्विचमधून कधीच जाऊ देऊ नका. मोटरच्या आत उष्णतेचा कटआउट असतो. तो बायपास करू नका. अर्थ चासीला देताना रंग खरवडून धातूवर, आणि वरून ग्रीस. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट सेन्सर बसवलेला असेल तर अर्थ टर्मिनलला न देता चासीकडच्या बाजूलाच द्या, नाहीतर सेन्सरला हा करंट दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशोब बिघडतो. बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच.

जोडणी झाली की इंजिन चालू ठेवून, टाकी १०० पीएसआयच्या पुढे भरत असताना मल्टिमीटरने मोजा. बॅटरीच्या टर्मिनलवरचे आणि मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर पॉझिटिव्ह बाजू आणि अर्थची बाजू वेगवेगळी मोजा. दोष बहुधा क्रिम्प केलेल्या लगमध्ये किंवा अर्थच्या बोल्टखाली सापडतो.

मग गळतीची चाचणी. स्विच १५० ला बंद होऊ द्या, डॅशबोर्डचा स्विच बंद करा, आणि लगेच घाबरू नका. टाकीतली हवा ४० अंशांवरून २५ वर थंड झाली की गळती नसतानाही १५० चे १४२ होतात. तासाभराने दाब स्थिरावला की आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराच्या तापमानाला बघा. २-३ पीएसआय गेले तर ठीक. २० गेले तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या कॉम्प्रेसरकडच्या तोंडालाही. फिटिंग सोडवायची असेल तर आधी टाकी पूर्ण रिकामी करा. दाब असताना ‘थोडंसं आवळून बघू’ म्हणून पाना लावला की फिटिंग तुटून उडू शकते.

पुढे काही बिघडलं तर लक्षणांवरून बरंच कळतं. कुणी हवा वापरली नसताना मोटर अधूनमधून सुरू होत असेल, तर गळती. टाकी रिकामी असताना मोटर नीट सुरू होते पण १२० ला पुन्हा सुरू होताना अडते किंवा फ्यूज उडवते, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मागे हवा सोडतोय आणि हेडमध्ये दाब अडकलाय. व्हॉल्व्ह बदला, मोठा फ्यूज टाकू नका. ९०-१०० पर्यंत चढून तिथेच घुटमळत असेल, तर आधी फिल्टर, मग व्होल्ट, मग रिंग किंवा हेडची गॅस्केट, याच क्रमाने बघा. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटल्याचा आवाज आला तर व्हॉल्व्हला दोष देऊ नका: डॅशबोर्डचा स्विच बंद करा, तरीही मोटर थांबत नसेल तर चिकटलेला आहे तो रिले, थांबत असेल तर प्रेशर स्विच.